तीन छंद आणि दोन राहिलेले विषय

तिसऱ्या सत्राचा निकाल लागला, गणित आणि थर्मोडायनॅमिक्स हे दोन विषय राहिले, आणि घरात शिक्षा झाली ती छंदांना. सायकलला कुलूप लागलं, गिटार कपाटावर गेली. मामांची एक जुनी गाडी पुन्हा चालती करायचं काम मुलानं अंगावर घेतलं होतं, त्या गाडीवर ताडपत्री पडली. वडिलांचा हिशेब सरळ होता. या तिघांत जाणारे तास अभ्यासाकडे वळले की विषय सुटतील. तास वळले, पण पुढच्या चाचणीतले गुण जागचे हलले नाहीत. मग बाप-लेक दोघंही माझ्याकडे आले. मी यांत्रिकी अभियांत्रिकी शिकवतो आणि दरवर्षी काही विद्यार्थ्यांचं मार्गदर्शन माझ्याकडे असतं. हा मुलगा त्यांतला एक. त्याचं नाव इथे मुद्दाम देत नाही.

पहिल्या भेटीत वडिलांनी विचारलं, "सर, आता अजून काय बंद करायचं?" बंद करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि त्यांची खरी पंचाईत तीच होती.

बंदीच्या काळात नेमकं काय झालं हे मुलाला खोदून विचारलं. तो टेबलाशी बसत होता, त्यात खोट नव्हती. वही उघडी, हातात हायलायटर, शेजारी मोबाइल. मोबाइलवर इंजिन खोलून पुन्हा बसवण्याचे व्हिडिओ. हातांनी करायचं बंद झालं तसं ते डोळ्यांनी सुरू झालं, आणि हा बदल घरात कुणाच्या लक्षात आला नव्हता, कारण मुलगा खोलीत होता आणि खोलीचं दार बंद होतं. सायकल चालवून पाय थकतात, बारे कॉर्ड दाबून बोटं दुखतात, गॅरेजमध्ये अंधार पडतो. हातांच्या छंदाला कुठेतरी शरीरच आवर घालतं. तो छंद दुसऱ्यांना करताना बघण्याला असा आवर नाही. माझ्या मते बंदीचा सर्वांत मोठा तोटा हाच होता. छंदाची ओढ तशीच राहिली आणि त्याला जी नैसर्गिक कुंपणं होती ती तेवढी गेली.

म्हणून पहिली गोष्ट ठरली ती बंदी उठवण्याची. वडिलांना हे पटलं नाही. "एक सत्र बघू" एवढ्यावर ते थांबले, आणि ते थांबले म्हणून पुढचं काही करता आलं.

तासांपेक्षा वेगळी नोंद

वेळेचा हिशेब मी मागितला नाही. किती वाजता सुरू, किती वाजता बंद, ही नोंद प्रत्येक जण शहाण्यासारखी भरतो आणि तिच्यातून फारसं कळत नाही. त्याला तीन गोष्टी लिहायला सांगितल्या: ठरवलं तेव्हा थांबता आलं का, थांबल्यावर शरीर कसं होतं, आणि पुढच्या तासभराच्या अभ्यासात डोक्यात काय घोळत होतं. तिसरा रकाना भरताना तो आधी लाजला. मग प्रामाणिकपणे लिहू लागला.

काही आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. ज्याला घरात सगळे मिळून "याचे छंद" म्हणत, त्या तीन अगदी वेगळ्या जातीच्या गोष्टी होत्या. प्रत्येकीची किंमत वेगळ्या चलनात मोजावी लागत होती. सायकल शरीरातून वसुली करत होती. गिटार वेळेचे छोटे तुकडे मागत होती आणि कधी कधी त्यांचे मोठे तुकडे करून घेत होती. गाडी मात्र थेट डोक्यावर हक्क सांगत होती, तिच्यापासून दूर असतानासुद्धा. तिघांचे तास सारखेच कापणं हा म्हणूनच आंधळा उपाय होता.

सायकल

सायकलचं प्रकरण सर्वांत सोपं निघालं. आठवड्यातल्या साध्या फेरीनंतर, म्हणजे बोलता बोलता चालवता येईल अशा वेगानं केलेल्या फेरीनंतर, त्याच्या नोंदीत अभ्यास बरा दिसत होता. यात नवल नाही. मध्यम व्यायामानंतर लक्ष थोडं सुधारतं असं बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. परिणाम लहान आहे, पण फुकटचा आहे.

सुट्टीच्या दिवशीची फेरी मात्र वेगळी होती. गटात सगळे तयारीचे, हा त्यांच्यात नवा, आणि मागे पडायची लाज. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनानं. ताशी २५ किलोमीटरवरून ३० वर जायचं तर हवेशी झुंजायला जवळजवळ पावणेदोन पट शक्ती लागते. दुसऱ्याच्या मागे राहून हे ओझं कमी करता येतं, पण पुढे राहायची पाळी आली की पूर्ण भरावं लागतं. घरी आल्यावर तो दुपारभर पुस्तकासमोर बसायचा आणि त्या दुपारच्या नोंदीत एकच शब्द असायचा: "शून्य".

आम्ही ती फेरी ठेवली आणि ती दुपार सोडून दिली. त्या दिवशी अभ्यास ठरवायचाच नाही. हे ऐकून वडील चमकले, पण जो अभ्यास होतच नव्हता तो वेळापत्रकातून काढल्यानं नुकसान काही झालं नाही. उलट, न झालेल्या अभ्यासाचं ओझं घेऊन पुढचा आठवडा सुरू होणं थांबलं. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यांत गटाबरोबर जायचं नाही, एकट्यानं हळू चालवायची, एवढी एक अट घातली.

गिटार

गिटार तो अभ्यासाच्या मधल्या विश्रांतीत उचलायचा. दहा मिनिटं म्हणून घेतलेली गिटार तासाभरानं खाली यायची. त्या तासात तो वाजवायचा काय? जे आधीपासून येतं तेच. यात गंमत आहे, सरावाचा अंश फारसा नाही. हे त्यालाही ठाऊक होतं.

अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून लोकांनी हजारो तासांचा आकडा तेवढा उचलला. त्याच अभ्यासात दिसलेली दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटते. चांगले वादक सरावाला मर्यादित लांबीच्या बैठका देत, मध्ये विश्रांती घेत, आणि इतरांपेक्षा जास्त झोपत. हा मुलगा झोप कापून सगळं बसवत होता. त्याच्या तिन्ही छंदांत आणि अभ्यासात मिळून खरी उधारी कुणाची होती, तर झोपेची.

झोपेचा मुद्दा बोटांच्या कौशल्याला थेट लागू पडतो. २००२ साली मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी लोकांना बोटांनी ठरावीक क्रमानं कळा दाबायला शिकवलं. रात्रभर झोपून उठल्यावर, मध्ये काहीही सराव न करता, त्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला दिसला. तेवढाच वेळ दिवसा जागं राहून काढलेल्यांत असा फरक दिसला नाही. तेव्हा गिटारची जागा बदलली. अभ्यासाच्या मध्ये अजिबात नको, झोपण्याआधी थोडा वेळ हवी. ठोके देणारा मेट्रोनोम लावून एकच अवघड बदल घ्यायचा, वेग कमी ठेवायचा, आणि चुका थांबायच्या आत थकवा आला तर गिटार ठेवून द्यायची. मनात येईल ते वाजवायला सुट्टीची संध्याकाळ मोकळी होतीच. विश्रांतीसाठी दुसरं काय, असं त्यानं विचारलं. चाल, पाणी पी, खिडकीतून बघ. विश्रांती रंगतदार झाली की तिच्यातून परत यावंसं वाटत नाही.

गाडी

खरा गुंता इथे होता. गाडी जुनी, कार्ब्युरेटरची. सुरू व्हायची, पण आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की, बंद पडायची. अशा वेळी संशय पहिला आयडल जेटवर जातो. बारीक भोक असतं, जुन्या इंधनाचा गाळ बसला की तुंबतं. काम वाटलं होतं एका संध्याकाळचं. कार्ब्युरेटर काढताना गॅस्केट, म्हणजे जोडातली गळती रोखणारं पातळ अस्तर, फाटलं. गॅस्केट त्या मॉडेलला मिळेना. मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा-इंधन नेणाऱ्या नळीचा, एक स्टड (आटे असलेला खिळा) गंजलेला होता, जोर लावल्यावर तुटून आतच राहिला. तो काढताना भोकाचे आटे गेले. प्रत्येक पायरीवर "एवढंच केलं की झालं" असं वाटत होतं आणि प्रत्येक पायरी पुढची एक पायरी उघडत होती. ज्यानं कधी जुनं यंत्र उघडलं आहे त्याला हे नवीन नाही.

नोंदीच्या तिसऱ्या रकान्यात गाडीच गाडी होती. गॅरेजमध्ये न गेलेल्या दिवशीही. थर्मोडायनॅमिक्सच्या वहीच्या समासात त्यानं तुटलेल्या स्टडचं चित्र काढलेलं मी पाहिलं आहे, आणि चित्र चांगलं होतं.

एका कामावरून दुसऱ्यावर जाताना लक्षाचा काही भाग आधीच्या कामात अडकून राहतो, विशेषतः ते अर्धवट असेल तर. सोफी लरॉय यांनी २००९ साली हे प्रयोगांतून मांडलं. अर्धवट काम जास्त लक्षात राहतं असं ब्लूमा झायगार्निक यांनी तर १९२७ सालीच म्हटलं होतं, मात्र पुढच्या सगळ्याच प्रयोगांत ते तसं दिसलेलं नाही. आमच्या कामाला आला तो २०११ सालचा मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांचा निष्कर्ष. अपुरं काम डोक्यात घोळणं थांबवायला ते पूर्णच करावं लागतं असं नाही. ते पुढे कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत केला तरी घोळणं बरंच कमी होतं.

यावरून गॅरेजसाठी दोन गोष्टी ठरल्या. पहिली जुन्या मेकॅनिकांचीच आहे: लागणारा माल हातात आल्याशिवाय काही खोलायचं नाही. गॅस्केट नाही तर कार्ब्युरेटरला हात नाही. यानं कामाचे असे तुकडे पडले की प्रत्येकाला शेवट आहे. दुसरी गोष्ट म्हणजे शेवटची पंधरा मिनिटं पाना खाली ठेवून लिहायचं. काय काढलं, कोणता स्क्रू कोणत्या डबीत आहे, पुढच्या वेळी पहिलं काम कोणतं, त्याला कोणतं हत्यार लागेल. चिठ्ठी गाडीच्या काचेला चिकटवायची आणि दार लावायचं. घरी आल्यावर डोकं पुन्हा गाडीत गेलं तर त्याला सांगायला उत्तर असतं: ते काचेवर लिहिलेलं आहे.

पहिल्या काही वेळी त्यानं पंधरा मिनिटांतली दहा कामातच घालवली. मग एकदा डबीवर नाव नसल्यानं जेट शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली, तेव्हापासून तो चिठ्ठी मनापासून लिहू लागला. माझ्या उपदेशापेक्षा त्या हरवलेल्या जेटचा उपयोग जास्त झाला.

अभ्यास उत्तर देत नव्हता

एवढ्यानं वेळ आणि डोकं मोकळं झालं. मार्क मात्र अजून लांब होते, आणि त्याचं कारण छंदांत नव्हतं.

मी त्याला विचारलं, गिटारवर चुकतोस ते तुला कसं कळतं? तार बझ होते. सायकलचा गिअर नीट बसला नाही तर? चेन टकटक करते. इंजिनात प्लग मारत नसेल तर? झटके बसतात, आवाजावरून कळतं. आणि ऑटो सायकलच्या, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या आदर्श चक्राच्या, कार्यक्षमतेचं सूत्र येत नाही हे कसं कळतं? थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "पेपर हातात आल्यावर."

हातांचे छंद का ओढतात याचं निम्मं उत्तर यात आहे. ते लगेच बोलतात, चुकलं तर तिथल्या तिथे सांगतात. वही वाचून त्यावर पिवळ्या रेघा ओढणं ही गोष्ट महिनोन्‌महिने गप्प बसते. वर खोटा दिलासाही देते, कारण दुसऱ्यांदा वाचलेलं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की येतंय असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी उतारे वाचले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा सहसा पाच मिनिटांनंतर नसते.

त्यामुळे हायलायटर गेला आणि कोरे कागद आले. वही मिटायची, ऑटो सायकलचा आलेख काढायचा, चार प्रक्रिया लिहायच्या, कार्यक्षमतेचं सूत्र शून्यापासून काढायचं, मग वही उघडून लाल पेननं स्वतःच तपासायचं. पहिल्या वेळी तो दुसऱ्याच ओळीत अडकला. इंजिनाचा एकेक भाग डोळे मिटून ओळखणारा मुलगा, आणि कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ८ वरून १० वर नेला तर आदर्श कार्यक्षमता साधारण ५६ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर जाते हे त्याला कागदावर दाखवता येईना. त्याला धक्का बसला. मला बसला नाही. एका क्षेत्रातलं कसब दुसऱ्यात आपोआप उतरत नाही, नेमके तेच घटक दोन्हीकडे असतील तेवढंच उतरतं, हे थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ सालीच दाखवलं होतं. "गाडीमुळे माझा अभ्यासच होतो" हा त्याचा घरातला आवडता युक्तिवाद तिथे कोसळला. वडील समोर नव्हते हे बरं.

एका ठिकाणी मात्र दुवा खरोखर जुळला, आणि तोही गणितात. फुरिए मालिका, म्हणजे गुंतागुंतीची लहर साध्या लहरींच्या बेरजेत मांडणं, त्याला नुसती चिन्हांची रांग वाटत होती. मी म्हटलं, गिटारची तार बरोबर मध्यावर, म्हणजे बाराव्या फ्रेटच्या वर छेड, आणि मग ब्रिजजवळ छेड. दोन आवाजांत फरक का? तारेच्या मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा कंपनांना स्वरक म्हणतात. मध्यावर छेडल्यावर सम क्रमांकाचे स्वरक उमटतच नाहीत, कारण त्यांचा स्थिर बिंदू नेमका तिथेच असतो. आवाज गोल, पोकळ येतो. ब्रिजजवळ वरचे स्वरक जास्त मिसळतात आणि आवाज कडक होतो. आता छेडलेल्या तारेचा त्रिकोणी आकार घेऊन सहगुणक काढ, मध्यबिंदूसाठी सम पदं शून्य येतात का बघ. त्यानं काढले. आले. मग बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून तार वाजवली, तेव्हा विषम पदं मरतात हे मी न सांगता त्यानंच सांगितलं. त्या दिवसापासून त्या प्रकरणाबद्दलची भीती गेली. इंटिग्रेशन बाय पार्ट्स मात्र गिटार करून देत नाही. ते कोऱ्या कागदावरच करावं लागलं, पुष्कळ वेळा.

घरातला वाद

क्वीन या रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांचं उदाहरण या घरात दोन्ही बाजूंनी वापरलं जात होतं. मुलाचं म्हणणं: त्यांनी १९६३ पासून वडिलांबरोबर स्वतःच्या हातांनी गिटार बनवली, जगभर वाजवली आणि खगोलभौतिकीत डॉक्टरेटही मिळवली. वडिलांचं म्हणणं: १९७० साली सुरू केलेली डॉक्टरेट २००७ साली मिळाली. दोघंही खरं बोलत होते. मला त्या उदाहरणातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी दोन्ही गोष्टी शेवटपर्यंत एकाच वेळी ओढत नेल्या नाहीत. एक पूर्ण बाजूला ठेवली, आणि नंतर परत येऊन पूर्ण वेळ देऊन संपवली.

त्यावरूनच तिघांतला शेवटचा करार झाला. सत्र चालू असताना दोनच छंद जागे राहतील, तिसरा झोपलेला असेल. कोणता झोपवायचा हे मुलानं ठरवायचं. त्यानं गाडी निवडली, आणि हे त्याला जड गेलं हे वडिलांनी पाहिलं. तिथून घरातला सूर थोडा बदलला असं मला वाटतं. गाडीवर पुन्हा ताडपत्री पडली, पण या वेळी ती त्यानं स्वतः घातली आणि काचेवर चिठ्ठी होती.

मध्येच त्यानं रंगीत चौकोनांचं एक भलंमोठं वेळापत्रकही केलं होतं. ते फार टिकलं नाही. अशी वेळापत्रकं बनवण्यातच निम्मा उत्साह संपतो असा माझा अनुभव आहे, म्हणून ते फाटल्याचं मी मनावर घेतलं नाही.

निकाल

गणित चांगल्या गुणांनी सुटलं. थर्मोडायनॅमिक्स काठावर सुटलं, आणि ते का काठावर राहिलं हे त्याच्या कोऱ्या कागदांवर आधीच दिसत होतं: एन्ट्रॉपीचा भाग त्यानं सतत पुढे ढकलला होता. यातलं किती श्रेय बदललेल्या पद्धतीला द्यायचं हे मी ठामपणे सांगणार नाही. दोन्ही विषय दुसऱ्यांदा दिलेले होते, आणि दुसऱ्या वेळी विषय तसाही थोडा सोपा वाटतो. चालू सत्राचे विषय पहिल्याच फटक्यात निघाले, ही बाजू मला जास्त भरवशाची वाटते. झोप सुधारली, पण पूर्ण नाही. परीक्षेच्या आठवड्यात जुनी सवय परत आली.

गाडी सुट्टीत उघडली गेली. तुटलेल्या स्टडच्या जागी आटे नव्यानं पाडून घेतले, गॅस्केट शीट आणून हातानं कापलं, जेट साफ झाला. आता ती आयडलिंगला उभी राहते, मात्र थंड असताना अजून कुरकुरते. चोकची तार तपासायची आहे.

वडिलांचा आक्षेप पूर्ण गेलेला नाही. बाकीची मुलं हे सगळं न करता फक्त अभ्यास करतात, असं ते अजूनही म्हणतात. बाकीची मुलं मोकळ्या वेळात काय करतात याची नोंद कुणी ठेवलेली नाही, एवढंच मी त्यांना म्हटलं.

पुढचा पेच आधीच दारात आहे. महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी मिळून शर्यतीची गाडी बनवण्याचा गट आहे आणि त्यांनी याला बोलावलं आहे. गॅरेजमधल्या गाडीला तारीख नव्हती. या गाडीला आहे, आणि ती दुसऱ्यांनी ठरवलेली आहे, शिवाय ती परीक्षेच्या जवळ येते. तिथे चिठ्ठी लिहून दार लावता येईल का, याबद्दल मला शंका आहे. त्यानं संपूर्ण इंजिनाची जबाबदारी नाकारून ब्रेकच्या जोडणीपुरतं काम मागितलं आहे. गटानं ते मान्य केलं, तर सत्रभर गटाबरोबरची सायकलफेरी बंद राहील. हे त्याचं त्यानंच ठरवलं आहे.